खुनाचे तपास अडकतात कुठे? तपासात काम केलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न असा आहे की गल्लोगल्ली सीसीटीव्ही आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तरी भर रस्त्यात झालेल्या खुनाचे आरोपी वर्षानुवर्षं सापडत नाहीत, मग पोलिसांना जमत नाही की ते मुद्दाम करत नाहीत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी करायचं काय. माझी सगळी नोकरी पोलीस खात्यात गेली, आधी पोलीस स्टेशनला आणि नंतर क्राईम ब्रँचला, बराचसा काळ तपासातच. आता रिटायर आहे म्हणून मोकळेपणाने लिहितो. लोकांचा राग मला खरा वाटतो, फक्त तो चुकीच्या मागणीवर खर्च होतो असं माझं मत आहे. मोर्चा निघतो तेव्हा घोषणा असते "आरोपींना अटक करा". अटक हा तपासातला सगळ्यात सोपा भाग आहे हो, आणि घाईने केलेली अटक ही कित्येकदा त्या केसची वाट लावणारी पहिली गोष्ट असते.

आधी एक सांगतो, बहुतेक खून उघडकीला येतात. 2022 साली देशात 28,522 खून नोंदले गेले, महाराष्ट्रात 2,295. देशाच्या आकड्यातला सगळ्यात मोठा गट वादातून झालेल्या खुनांचा होता, 9,962, म्हणजे जमीन, पैसा, भाऊबंदकी, दारूच्या नशेतली भांडणं. त्याखालोखाल जुनं वैर, 3,761. असल्या खुनात मारणारा आणि मरणारा एकमेकांना ओळखत असतात, गावात विचारलं की दोन तासात नाव निघतं, कधीकधी तर आरोपी स्वतःच पोलीस स्टेशनला येऊन बसलेला असतो. अडकतात ते दुसऱ्या प्रकारचे. बेवारस बॉडी, जिची ओळखच पटत नाही. सुपारी, जिथे गोळी मारणाऱ्याचा आणि मेलेल्याचा काही संबंध नसतो. किंवा कट, जिथे मारणारे वेगळे, हत्यार देणारे वेगळे, रेकी करणारे वेगळे आणि डोकं तिसरीकडेच. तिथे "कोणाशी वैर होतं का" हा आमचा नेहमीचा प्रश्न चालत नाही, आणि मग सगळी भिस्त पहिल्या काही दिवसांत गोळा केलेल्या मालावर, म्हणजे पुराव्यावर राहते. तो माल गेला की नंतर सीबीआय येऊ दे नाहीतर आणखी कोणी.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची केस घ्या. 20 ऑगस्ट 2013, सकाळी सव्वासातच्या पुढे, पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर, मॉर्निंग वॉकला गेलेल्या माणसाला दोघांनी गोळ्या घातल्या आणि मोटरसायकलवरून निघून गेले. शहराच्या मध्यात, दिवसाउजेडी. त्या दिवशी काय झालं असेल ते मला न बघता दिसतं, कारण मोठ्या माणसाचा खून झाला की दर वेळी तेच होतं. तासाभरात सीनवर एवढी माणसं जमतात, साहेब लोक, नेते, चॅनेलवाले, की पंचनामा करणाऱ्या आयओला, म्हणजे तपासी अधिकाऱ्याला, बसायला जागा उरत नाही. त्यात स्टेशनचा जो पीआय (पोलीस इन्स्पेक्टर) तपास करतो तोच मोर्चाचा बंदोबस्त सांभाळतो, तोच मंत्र्याच्या दौऱ्याला उभा असतो. त्या वर्षी गणपती 9 सप्टेंबरला बसले, म्हणजे तीन आठवड्यांत अख्ख्या पुण्याचा फोर्स रस्त्यावर. गुन्हा ऑगस्टचा आणि सप्टेंबरभर निम्मी माणसं मंडपाला, असा तपास कसा होणार ते तुम्हीच सांगा.

सुप्रीम कोर्टाने 22 सप्टेंबर 2006 च्या प्रकाश सिंग केसच्या निकालात सांगून ठेवलंय की तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा, तपास करणारा माणूस बंदोबस्ताला ओढू नका, आणि पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं एका जागी राहू द्या. खात्यातल्या कोणालाही विचारा हे त्याच्या स्टेशनला किती झालंय. माझ्या मते अर्धा प्रॉब्लेम इथे आहे, आणि यावर मोर्चा निघालेला मी तरी पाहिला नाही.

आता सीसीटीव्हीचं. लोकांना वाटतं कॅमेरा आहे म्हणजे आरोपी सापडला. दुकानाच्या, सोसायटीच्या डीव्हीआरची मेमरी भरली की जुनं फुटेज आपोआप पुसतं, कुठे पंधरा दिवस कुठे महिनाभर, हार्ड डिस्क छोटी असली तर आठवड्यातसुद्धा. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत हवालदार दारोदार फिरला नाही तर संपलं. बरं, फुटेज मिळालं तरी त्यावरची वेळ बरोबर असेल असं नाही, डीव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, कुठे एक तास मागे, कुठे तारीखच भलती. मी माझ्या पोरांना सांगायचो की डीव्हीआरची वेळ आणि तुमच्या मोबाईलची वेळ शेजारी शेजारी पंचनाम्यात लिहा, फरक किती ते लिहा, नाहीतर सेशन कोर्टात आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि मग सर्टिफिकेट. जालन्याच्या निवडणूक याचिकेतून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल केसमध्ये 14 जुलै 2020 ला कोर्टाने पक्कं केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची कॉपी द्यायची तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65 ब चं सर्टिफिकेट, म्हणजे कॉपी कुठल्या मशीनवरून कशी काढली ते लिहून दिलेला कागद, पाहिजेच. आता नव्या साक्ष अधिनियमात तेच कलम 63 मध्ये आलंय आणि सोबत हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाईलचा डिजिटल ठसा, द्यावी लागते.

हे फक्त कागदाचं काम वाटत असेल तर कुर्ला टर्मिनसची केस आठवा. जानेवारी 2014 मध्ये आंध्रातून आलेली एक तरुण इंजिनियर मुलगी त्या स्टेशनवर उतरली आणि काही दिवसांनी कांजूरमार्गजवळ तिचा मृतदेह सापडला. मुंबई हादरली होती, आरोपी पकडला, 2015 ला फाशी सुनावली, 2018 ला हायकोर्टाने कायम केली. आणि 28 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सोडण्याची कारणं बरीच होती पण त्यातलं एक हे की ज्या स्टेशनच्या फुटेजवर सगळा डोलारा उभा होता त्याला 65 ब चं सर्टिफिकेटच नव्हतं, त्यामुळे ते फुटेज पुराव्यात धरता आलं नाही. अकरा वर्षांनी! त्या मुलीच्या आईवडिलांना आता कोणी काय सांगायचं. माणूस तोच होता की दुसराच कोणी होता याचं उत्तर आता कधी मिळेल असं मला वाटत नाही, आणि लोक मात्र 2014 लाच "केस सॉल्व्ह झाली" म्हणून घरी गेले होते.

मोबाईलचंही तसंच आहे. टॉवर डंप, म्हणजे त्या वेळी टॉवरला लागलेल्या सगळ्या नंबरांची यादी, काढला तर शहरात एका टॉवरखाली हजारो नंबर येतात, त्यातून आपला नंबर शोधायला आधी काहीतरी धागा हातात लागतो. ठरवून खून करणारे हल्ली फोन घरी ठेवून येतात हे पोलिसांना माहीत आहे आणि त्यांनाही. मग उरतात ती माणसं, डोळ्यांनी बघितलेली. दाभोलकर केसमध्ये शेवटी जी शिक्षा झाली त्यात सकाळी पुलावर काम करणाऱ्या सफाई कामगाराची साक्ष फार महत्त्वाची ठरली. सकाळी रस्ता झाडणारा माणूस, कोर्टात उभं राहून, एवढ्या वर्षांनी, एवढ्या मोठ्या केसमध्ये ओळख पटवतो, मला त्याचा फार आदर वाटतो.

पण तिथपर्यंत पोचायला किती वर्षं गेली बघा. आधी पुणे पोलीस, मग एटीएसचीही (दहशतवादविरोधी पथक) मदत. जानेवारी 2014 मध्ये दोन शस्त्रविक्रेत्यांना या गुन्ह्यात अटक दाखवली, गाजावाजा झाला, आणि 90 दिवसांत चार्जशीट गेली नाही म्हणून ते जामिनावर सुटले. पुढे तो धागाच सुटला. मे 2014 ला हायकोर्टाने तपास सीबीआयला दिला. जून 2016 ला डॉ. वीरेंद्र तावडेला अटक, त्याच वर्षीच्या चार्जशीटमध्ये गोळ्या मारणारे म्हणून दोन फरार माणसांची नावं. मग 2018 ला नालासोपाऱ्यात एटीएसने स्फोटकं आणि हत्यारं पकडली, त्यातून शरद कळसकर आणि सचिन अंदुरे ही नावं पुढे आली आणि सीबीआयने गोळ्या मारणारे हेच असं म्हटलं. म्हणजे एकाच केसमध्ये, एकाच यंत्रणेच्या दोन वेगळ्या कहाण्या रेकॉर्डवर. बचावाच्या वकिलाला आणखी काय लागतं? मधल्या काळात दाभोलकर आणि त्यांच्यानंतर असेच गोळ्या घालून मारले गेलेले पानसरे आणि कलबुर्गी यांच्यावर झाडलेल्या गोळ्या एकाच पिस्तुलातल्या का यावर मुंबईच्या आणि बेंगळुरूच्या लॅबचे रिपोर्ट जुळेनात, मग गोळ्या लंडनला स्कॉटलंड यार्डकडे पाठवायच्या ठरल्या, ते झालं नाही, शेवटी गुजरातच्या लॅबकडे. हत्यार खाडीत टाकलंय म्हटल्यावर परदेशी पाणबुडे आणून खाडीचा तळ शोधायची पाळी आली.

10 मे 2024 ला निकाल लागला. अंदुरे आणि कळसकरला जन्मठेप. तावडे आणि बाकीचे दोन आरोपी, संजीव पुनाळेकर आणि विक्रम भावे, निर्दोष. कोर्टाने निकालात स्पष्ट म्हटलं की यामागचं डोकं कोण ते शोधण्यात तपासयंत्रणा कमी पडली, आणि तावडेबद्दल संशयाला जागा आहे पण संशयाचा पुरावा झाला नाही. तपासी माणसाने हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं. आपल्याला मनातून माहीत असतं, ऑफिसमध्ये सगळ्यांना माहीत असतं, आणि कोर्टाच्या टेबलावर ठेवायला काही नसतं.

याच्या शेजारी बेंगळुरूच्या पत्रकार गौरी लंकेश यांची केस ठेवा. 5 सप्टेंबर 2017 ला खून. कर्नाटकने लगेच बी. के. सिंग यांच्या हाताखाली एसआयटी (विशेष तपास पथक) केली, एम. एन. अनुचेत तपासी अधिकारी, आणि ती टीम हलवली नाही. सुरुवातीचे महिने त्यांच्याही हातात काही नव्हतं, पेपरवाले तुटून पडले होते, पण त्यांनी दाखवण्यापुरती अटक केली नाही. 2018 च्या सुरुवातीला एक माणूस हाताला लागला, त्यावरून पुढची साखळी, एका आरोपीच्या डायरीतल्या सांकेतिक नोंदी बसून सोडवल्या, आणि वर्षभराच्या थोडं पुढे मागे, नोव्हेंबर 2018 ला सविस्तर चार्जशीट कोर्टात. महाराष्ट्रातल्या केसेसना जी गती आली ती बऱ्याच अंशी त्या तपासातून निघालेल्या माहितीमुळे. त्यांचे पोलीस वेगळ्या मातीचे नाहीत. एक टीम, एक प्रमुख, पुरेशी माणसं, आणि वरून "आज कोणाला तरी उचला" असा फोन आला तरी तो खालपर्यंत न पोचवणारा वरिष्ठ, एवढ्यावर हे झालं. (खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळतोय तो कोर्टांचा विषय, त्यावर वेगळं लिहावं लागेल.) उलट कॉम्रेड पानसरेंवर 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात गोळ्या झाडल्या, 20 तारखेला ते गेले, आणि 2022 ला हायकोर्टाला तो तपास एसआयटीकडून काढून एटीएसकडे द्यावा लागला. तपास एका हातातून दुसऱ्या हातात गेला की नवीन माणूस कागद वाचण्यात सहा महिने घालवतो आणि खबरी तर कागदावर नसतातच, ते जुन्या अधिकाऱ्याबरोबर जातात.

आता घाईच्या अटकेचं दुसरं टोक, 11 जुलै 2006. मुंबईच्या लोकलमध्ये सात स्फोट, 180 हून जास्त माणसं गेली. एवढा मोठा घाव, एवढा दबाव, आणि तो दबाव समजण्यासारखा होता. 2015 ला मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) कोर्टाने 12 जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी. 21 जुलै 2025 ला हायकोर्टाने सगळ्यांना सोडलं. कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, टॅक्सीवाल्यांनी शंभराहून जास्त दिवसांनी चेहरे ओळखले, ओळख परेड घेणाऱ्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता, अशी कारणं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलंय. पण ज्यांचं माणूस त्या डब्यात होतं त्यांच्यासाठी एकोणीस वर्षांनी हाती काय आलं? म्हणून मी म्हणतो, "आरोपी सापडला" असं प्रेसनोटमध्ये आलं की हुश्श करू नका. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब साध्या खुनाच्या केसमध्ये पुरावा म्हणून चालतच नाही, फक्त त्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. तरी प्रत्येक पत्रकार परिषदेत "आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली" हे मोठ्याने सांगतात आणि लोक टाळ्या वाजवतात.

मुद्दाम करतात का? कधीकधी हो. हे नाही म्हणून सांगणारा रिटायर पोलीस तुमच्याशी खरं बोलत नाही. अश्विनी बिद्रे केस डोळ्यासमोर आहे. एपीआय (सहायक पोलीस इन्स्पेक्टर) दर्जाची महिला अधिकारी, एप्रिल 2016 ला गायब. घरच्यांनी मिसिंग दिली, आणि अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला जानेवारी 2017 उजाडलं, संशयित स्वतः पोलीस इन्स्पेक्टर अभय कुरुंदकर, त्याला अटक डिसेंबर 2017 ला. मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पदकही मिळालं होतं. नवरा, भाऊ हायकोर्टापर्यंत भांडले. मृतदेह खाडीत टाकला, शेवटपर्यंत मिळाला नाही, तरी संगीता अल्फान्सो यांच्यासारख्या अधिकाऱ्याने मोबाईल आणि कॉम्प्युटरमधून पुरावा उभा केला आणि एप्रिल 2025 ला पनवेल कोर्टाने कुरुंदकरला जन्मठेप दिली. त्याच खात्याने दिरंगाई केली आणि त्याच खात्यातल्या एका बाईने केस उभी केली, दोन्ही खरं आहे. बॉडी नाही म्हणजे केस नाही असं कोणी पोलीस स्टेशनला तुम्हाला सांगितलं तर ही केस त्याच्यापुढे ठेवा.

आणि काही केसेस अशाही आहेत की ज्यात सगळं करून काही हाती लागलं नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी, जमिनीचे घोटाळे माहितीच्या अधिकारात बाहेर काढणारे, 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना खून, लोकल पोलीस झाले, सीबीआय झालं, खुनी कोण ते आजही सिद्ध झालेलं नाही.

मग घरच्यांनी काय करायचं. पहिलं म्हणजे एफआयआरची कॉपी घ्या, फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायचा गुन्हा, घ्यायला सांगा. गुन्हाच घेत नसतील तर एसपी किंवा कमिशनरना लेखी, आणि तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे, नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम 175(3) आहे. 1 जुलै 2024 नंतरचा गुन्हा असेल तर दोन गोष्टी विचारा. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने सीनवर यायचं असं कलम 176(3) म्हणतं, राज्यांना तयारीला पाच वर्षांची मुदत आहे खरी, पण विचारा, फॉरेन्सिकची व्हॅन आली होती का, झडतीचं व्हिडिओ शूटिंग केलं का. आणि 90 दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं कलम 193(3) प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हे बहुतेकांना माहीतच नसतं. लोक साहेबांच्या केबिनबाहेर तासनतास बसतात आणि "तपास चालू आहे" ऐकून परत जातात. बसू नका, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात "आरोपी कधी पकडणार" असं लिहू नका. विचारा की आयओ कोण आहे, कधीपासून, आधीचा का बदलला. मुद्देमाल लॅबला कधी पाठवला, सीए रिपोर्ट (लॅबच्या केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल) आला का, नसेल तर स्मरणपत्र कधी दिलं. कुठल्या कुठल्या ठिकाणचं फुटेज घेतलं, सर्टिफिकेट आहे का. साक्षीदाराचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला का, म्हणजे तो नंतर फितूर होणं जरा अवघड जातं. असा अर्ज टेबलावर आला की आयओ फाईल उघडतोच, मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेलो आहे म्हणून सांगतो.

फुटेजचं काम मात्र पोलिसांवर सोडू नका. घरातल्या एखाद्या पोराला त्याच दिवशी रस्त्यावरच्या दुकानांतून फिरवा, कोणाकडे कॅमेरा आहे त्याची यादी करा, दुकानदाराला हात जोडून सांगा की पोलीस येईपर्यंत पुसू देऊ नका. स्वतः कॉपी करत बसू नका, यादी पोलीस स्टेशनला लेखी द्या.

आणि शेवटचं, अ समरी. गुन्हा खरा आहे पण आरोपी मिळत नाही असा रिपोर्ट पोलीस कोर्टात पाठवतात त्याला आपल्याकडे अ समरी म्हणतात. ब म्हणजे मुद्दाम केलेली खोटी तक्रार, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. अ समरीची नोटीस घरी आली की बरेच जण कोसळतात आणि कोर्टात जातच नाहीत. जा. 1985 च्या भगवंत सिंग निकालापासून फिर्यादीला ऐकून घेतल्याशिवाय मॅजिस्ट्रेटला तो रिपोर्ट मंजूर करता येत नाही, तुम्ही हरकत घेऊ शकता, तपास अपुरा कुठे राहिला ते मुद्द्यांनी सांगू शकता, कोर्ट पुढचा तपास करायला सांगू शकतं. मंजूर झाली तरी खुनाच्या गुन्ह्याला मुदत नाही, नवीन काही मिळालं तर फाईल पुन्हा उघडते. पण उघडून उपयोग व्हायचा तर मुद्देमाल जागेवर पाहिजे. समरी झाली की काही काळाने मुद्देमालाची विल्हेवाट लावायला कोर्टाची परवानगी मागतात, कपडे, गोळ्या, रक्ताचे नमुने सगळं एका यादीत जातं. म्हणून हरकतीबरोबरच दुसरा एक अर्ज द्या की या गुन्ह्यातला मुद्देमाल आणि विशेषतः डीएनए तपासण्यासारख्या वस्तू नष्ट करू नयेत, आणि तशी मागणी आली तर मला कळवावं. एक कॉपी कोर्टाला, एक पोलीस स्टेशनच्या मुद्देमाल कारकुनाला, दोन्हीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या.